ओटीत गेलेली फ्लॉपी

‘फुकट दिलेल्या वस्तूला किंमत नसते,’ हे आमचे साहेब दिवसातून एकदा तरी म्हणायचे, आणि ते म्हणताना त्यांच्या समोरच्या कॉम्प्युटरवर जे जे चालू असायचं ते सगळं फुकट आलेलं असायचं. कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलेलं आणि जगासाठी ठेवून दिलेलं. मी एकदा तसं बोलून दाखवलं. तर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही टेक्निकल माणसं. स्ट्रॅटेजी हा वेगळा विषय आहे.’ स्ट्रॅटेजी हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवघरात गेल्यासारखा खाली यायचा.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आमचं ऑफिस बंगलोरच्या पीण्यात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर. खाली पत्रा ठोकायची प्रेस सुरू झाली की वर टेबलावरचा चहा हिंदकळायचा. साहेब पुण्याचे, तिथली बरी नोकरी सोडून इथे कंपनी काढून बसलेले. मी नागपूरची. लग्न करून बेळगावच्या घरात पडले आणि नवऱ्याच्या नोकरीमागे बंगलोरला आले. हेब्बाळला भाड्याचं घर. तिथून पीण्याला दोन बस बदलायच्या, आणि दोन्हीतले कंडक्टर, पुढे तसूभर जागा नसताना, ‘मुंदे होगी, मुंदे होगी’ करत पाठीवर थाप मारायचे. ऑफिसला पोचेपर्यंत निम्मं डोकं फिरलेलं असायचं, उरलेलं साहेब फिरवायचे.

आम्ही महाराष्ट्रातल्या पतसंस्थांसाठी पासबुक छापायचा प्रोग्रॅम करत होतो. पतसंस्थांचे हिशेब तेव्हा कॉम्प्युटरवर यायला लागले होते, पण पासबुक इंग्रजीत. ज्या म्हातारीचे पैसे, तिला स्वतःची शिल्लक वाचता येईना. मराठीत छापायचं तर महागडा प्रिंटर हवा, आणि पतसंस्थेकडे असायचा तो करकर करत ठिपक्यांनी छापणारा स्वस्तातला. त्याच्यावर मराठी अक्षरं उमटायची, पण शिरोरेघ तुटायची. ‘शिल्लक’ छापलं की तीन अक्षरं भांडण झाल्यासारखी एकमेकांपासून लांब उभी.

यातून मार्ग दाखवला तो पोलंडातल्या एका गावच्या ग्रंथपालाने. हा गृहस्थ हौसेने संस्कृत वाचायचा, आणि छापायला काही मिळेना म्हणून त्याने स्वतःच देवनागरी छापायचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो इंटरनेटवर ठेवलेला. कुणीही घ्या, बदला, पुढे द्या, विकलात तरी चालेल. अटी दोनच: पुढच्याला देताना तो आतून कसा लिहिलाय तेही उघडं द्यायचं, आणि ज्यांनी काम केलंय त्यांची नावं पुसायची नाहीत. मी त्याला ई-मेल केली, त्याचं लांबलचक उत्तर आलं. मग मी कित्येक महिने त्या शिरोरेघेच्या मागे लागले. जेवताना रेघ, बसमध्ये रेघ. नवरा म्हणायचा, ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस तुला.’ शेवटी एकदाची ती जुळली. ‘शिल्लक’ अखंड छापून आलं, आणि मी एकटीच त्या कागदाकडे बघत हसत बसले. केलेलं सगळं ग्रंथपालाला पाठवलं. त्याने ते आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतलं, आणि प्रोग्रॅम सुरू होताना पडद्यावर त्याचं एकट्याचं नाव यायचं, त्याखाली माझं टाकलं.

माझं म्हणजे माझं माहेरचं. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतातच, पण सासरचे पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माझ्या नवऱ्यानेही लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या संध्याकाळपासून मी दुसरीच कुणीतरी झाले. रेशन कार्डावर ती, बँकेत ती, ऑफिसात तर ‘मॅडम’. ग्रंथपालाला पहिली ई-मेल लिहिताना मात्र मी खाली जुनं नाव लिहिलं. मुद्दाम लिहिलं. त्याचं प्रत्येक उत्तर त्याच नावाने सुरू व्हायचं. आई गेल्यावर त्या नावाने मला हाक मारणारा जगात तो एकटाच उरला होता, आणि त्याने मला कधी पाहिलंही नव्हतं. मला ते फार बरं वाटायचं. उगाच कशाला लपवू?

तर असा तो प्रोग्रॅम. त्यावर पासबुकाचा भाग चढवला आणि आमच्या कंपनीकडे विकण्यासारखं पहिल्यांदाच काहीतरी आलं. साहेबांनी मुंबईचा एक गुंतवणूकदार गाठला. मराठीच होता. तो येऊन बघणार, पसंत पडलं तर कंपनीत पैसा घालणार. साहेबांनी एचएसआर लेआउटमध्ये घेतलेली साइट, म्हणजे घराचा प्लॉट, गहाण टाकून आमचे पगार चालवले होते, तेव्हा त्यांचाही जीव टांगणीला लागला होता, हे मला मान्य आहे. म्हणून काय काहीही करायचं?

त्यांनी मला बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. ‘मॅडम, ही दोन नावं काढायची. इथे कंपनीचं नाव येऊ दे.’

‘काढता येत नाहीत. तीच तर अट आहे.’

‘अट बघतंय कोण? तो पोलंडवाला पीण्याला येणार आहे?’

‘नाही येणार. त्याने विश्वासावर दिलंय.’

‘विश्वासावर कंपनी चालत नाही. गुंतवणूकदार मालकी विकत घेतो. जे सगळ्यांचं आहे ते मी त्याला विकणार कसं?’ मग बोट खाली सरकलं. ‘आणि ही बाई कोण? मराठी दिसतेय.’

‘आहे एक.’

‘ओळखता?’

‘ओळखायचे.’

‘मग झालं तर. ओळखीतली आहे, काही बोलायची नाही.’

माझ्या डिग्रीची झेरॉक्स त्यांच्याच पाठीमागच्या कपाटात होती, त्याच नावाची. नोकरीला लागताना त्यांनीच मागून घेतली होती. सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं, पण इतका संताप आला की म्हटलं, जाऊ दे, ह्यांना काय सांगायचं. मी पुसणार नाही एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. त्यावर ते एकदम मऊ झाले. ‘कंपनीत तुमचाही हिस्सा ठेवतोय मी. शेअर देणार आहे. विचार करा.’

घरी सांगितलं ही माझी चूक. आमच्या घरात संपत्तीवर बोलायला दोन तज्ज्ञ बसलेले. नवरा सरकारी कारखान्यात, पक्की नोकरी, पक्कं पेन्शन, आणि दिवसभर जगाला धोका पत्करायला शिकवायचा. शेअर, पब्लिक इश्यू, दीर्घ मुदतीची गुंतवणूक. समाजवादाने देशाचं वाटोळं केलं हे तो कारखान्याच्या अनुदानित कॅन्टीनमध्ये जेवून येऊन सांगायचा. दुसरे तज्ज्ञ म्हणजे सासरे. बेळगावकडे हयातभर शाळेत शिकवलेलं, पक्के समाजवादी. गरजेपेक्षा जास्त संपत्ती ही चोरी, तिचं समान वाटप झालं पाहिजे, हे त्यांचं मत, आणि घरातल्या एकुलत्या आरामखुर्चीचं वाटप मात्र झालेलं मी कधी पाहिलं नाही. सकाळचा पेपरही आधी त्यांचा. बापलेक रोज जेवताना हा विषय काढायचे आणि मी मध्ये गरम पोळ्या वाढत असायचे. माझी पोळी नेहमी शेवटची आणि गार, त्याच्या वाटपावर दोघांचंही काही मत नव्हतं.

‘शेअर देतायत?’ नवऱ्याचा घास हातातच राहिला. ‘आणि तू नावाचं धरून बसलीस? पोलंडातल्या कुणा माणसाच्या?’

‘दोन नावं आहेत.’

‘असू देत ना दोन. तुला काय करायचंय?’ दुसरं कुणाचं, हे त्याने विचारलं नाही.

‘ही लूट आहे,’ सासरे खुर्चीतून म्हणाले. ‘दुसऱ्याचे श्रम हडपायचे. आयत्या बिळावर नागोबा. तू मुळीच पुसू नकोस.’ मला क्षणभर भरून आलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘पण हिस्सा म्हणजे, साधारण कितीपर्यंत जाईल तो?’

मी ताटं उचलली.

त्याच आठवड्यात माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बंगलोरला आम्हा मराठी बायकांचं ते फार जोरात चालायचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडे तरी. पुण्या-नागपूरच्या नव्या, शिवाय इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या, ज्यांचं मराठी निम्मं कानडी झालेलं. प्रत्येकीने वाण लुटायचं, म्हणजे आलेल्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू द्यायची. प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, वाट्या. आणि ह्या वस्तू फिरतात. कुणी कबूल करत नाही, पण प्रत्येकीच्या घरात एक कप्पा असतो, आलेलं वाण त्यात जातं आणि पुढच्या वेळी दुसरीच्या हातात पडतं. मी लुटलेली साबणाची डबी दोन वर्षांनी माझ्याकडेच परत आली होती, तोच ओरखडा घेऊन. बापलेकांच्या वादात मला नेहमी वाटायचं, ह्यांना एकदा त्या कप्प्यासमोर उभं करावं.

त्या वर्षी वाण आणायला वेळ नव्हता आणि डोकंही ठिकाणावर नव्हतं. साहेब ती नावं पुसणार हे दिसतच होतं. म्हटलं, ऑफिसातून पुसली जाणार असतील तर निदान चार घरांत तरी राहू देत. एस. पी. रोडवरून फ्लॉप्यांचा डबा आणला, घरच्या कॉम्प्युटरवर बसून प्रत्येकीवर तो प्रोग्रॅम उतरवला, ग्रंथपालाने ठेवला होता तसाच, उघडा, दोन्ही नावांसकट. चिकटपट्टीवर लिहिलं, ‘मराठी छापण्यासाठी. आवडलं तर पुढे द्या.’ वर हळदीकुंकवाचं बोट लावलं.

शेजारच्या अक्का फ्लॉपी उलटीपालटी करत म्हणाल्या, ‘एनु गं हे? डब्बी म्हणावं तर उघडेना.’ त्यांना समजावून सांगितलं. ‘सरी, सरी,’ म्हणून त्यांनी ती नातवासाठी पदरात बांधली. बाकीच्या हसल्या, पण सगळ्यांनी घेतल्या, वाणाला नाही म्हणत नाहीत. आणि साहेबांच्या बायको, आमच्या वहिनी, त्याही आल्या होत्या. त्यांना तेवढी न देता कसं चालेल? वहिनी म्हणाल्या, ‘अगं, हे आमच्याकडे पोत्यानं पडलंय!’ आणि पर्समध्ये टाकली. ती कुठे जाणार हे मला ठाऊक होतं. कप्प्यात. निर्धास्त होते मी.

इकडे ऑफिसात साहेबांनी स्वतःच बसून नावं पुसली. सकाळभर खटपट केली आणि तिथे कंपनीचं नाव टाकलं, चांगलं ठळक. काय धसमुसळेपणा केला कोण जाणे, त्या नावाची शिरोरेघ मधेच तुटली. मला दिसलं. मी जोडून दिली नाही.

गुंतवणूकदार आला तो बायकोला घेऊन, पुढे म्हैसूर बघायचं म्हणून. आदल्या संध्याकाळी साहेबांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. त्या घरात काय झालं ते मला नंतर वहिनींनीच सांगितलं, अर्धं हसत आणि अर्धं रडकुंडीला येऊन. पाहुणे निघाले, सवाष्ण बाई पहिल्यांदा घरी आलेली, तिला कुंकू लावून ओटी भरली पाहिजे. नारळ होता, खण होता, पण हातावर ठेवायला काही वस्तू नव्हती. वहिनींनी कप्पा उघडला. समोरच माझी फ्लॉपी. म्हणाल्या, ‘मला वाटलं त्यांच्या ह्यांना कॉम्प्युटरातलं कळतं, तर निदान कामाला येईल. वर हळदीकुंकू लावलेलंच होतं.’

दुसऱ्या दिवशी पीण्यात साहेब टाय लावून उभे. मी कॉम्प्युटरपाशी. खालची प्रेस साहेबांनी कारखान्याच्या मालकाला सांगून बंद ठेवायला लावली होती. पासबुकं सुरेख छापून आली. गुंतवणूकदार शांत माणूस, सगळं बघत होता. साहेब म्हणाले, ‘हे सगळं, अगदी पहिल्या ओळीपासून, आमच्याच घरात तयार झालंय.’

‘ते खरंच,’ तो म्हणाला. ‘तुमच्याच घरातून मिळालं.’ आणि त्याने खिशातून फ्लॉपी काढली. चिकटपट्टीवर माझं अक्षर, वर हळदीकुंकवाचं बोट. ‘काल वहिनींनी आमच्या हिच्या ओटीत घातली. रात्री लॅपटॉपवर उघडून बघितली.’ त्याने ती मशीनमध्ये सारली. पडद्यावर दोन नावं आली आणि खाली ग्रंथपालाच्या अटी.

साहेबांचा चेहरा बघवेना. पण माणूस स्ट्रॅटेजीवाला, लगेच सावरला. ‘तो पोलंडचा एक गृहस्थ आहे, त्याला नावगाव काही नको असतं. आणि ही बाई आमच्या ओळखीतलीच आहे. तिचा हक्क आम्ही घेणारच आहोत. थोडंफार काहीतरी देऊन मिटवून टाकू.’

‘कुठे असतात त्या?’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ‘मॅडम ओळखतात तिला. मॅडम, कुठे असते ती?’

मी कीबोर्डवरून हात काढले. म्हटलं, ‘इथेच असते. पीण्यात, ह्याच खुर्चीवर. तिला थोडंफार नकोय.’

साहेबांनी नाव पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा नाव. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम करत होते मी. गुंतवणूकदार मात्र हसला, मनापासून. ‘बाई, काम फार सुंदर आहे तुमचं. पण मला सांगा, जे माझ्या बायकोला ओटीत मिळतं त्यात मी पैसे कशाला घालू?’ आणि ओटीतला नारळ जपून न्यावा तशी ती फ्लॉपी परत खिशात घालून गेला.

त्यानंतर साहेबांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मी बुडवलं, मी विश्वासघात केला, घरी जा आणि बोलावल्याशिवाय येऊ नका. विश्वासावर कंपनी चालत नाही हे त्यांचंच वाक्य मी त्यांना परत दिलं, आणि निघाले. वर्षभराने हेच साहेब एका सभेत सांगत होते, वस्तू फुकट द्या आणि सेवा विका, हीच उद्याची स्ट्रॅटेजी. पतसंस्थांना प्रोग्रॅम बसवून द्यायचे आणि शिकवायचे पैसे ते घेऊ लागले होते, आणि पडद्यावर दोन्ही नावं होती. कल्पना अर्थात त्यांची स्वतःचीच. मी तोवर दुसरीकडे लागले होते, आणि शेअर काही मला मिळाले नाहीत.

पण ते पुढचं. त्या दिवशी दोन बस बदलून भर दुपारी घरी आले तर नवरा नेमका सुटीवर. नोकरी बहुतेक गेली म्हणून सांगितलं. त्याने आधी शेअरचं विचारलं. मग हात कपाळाला लावून पाचेक मिनिटं बोलत राहिला, दूरदृष्टी, गुंतवणूक, हातचं घालवलंस. सासरे पेपरमागून म्हणाले, भांडवलदार असाच असतो. ‘बघू तरी,’ नवरा शेवटी वैतागून म्हणाला, ‘कुठल्या नावांसाठी एवढा तमाशा केलास ते.’ उरलेली एक फ्लॉपी टेबलावर होती. त्याने ती घातली आणि खुर्ची पुढे ओढली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

पोलंडातलं नाव त्याने अडखळत वाचलं. मग खालचं वाचलं, मनातल्या मनात. मान तिरकी केली.

‘ही कोण गं?’

खुर्चीतला पेपर हळूहळू खाली आला. सासऱ्यांनी चष्म्यावरून आधी पडद्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

‘गाढवा,’ ते म्हणाले, ‘तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत होती ती.’

नवरा पडद्याजवळ वाकला. मग त्याने ते नाव पुन्हा वाचलं, पहिलं तेवढंच, ह्या वेळी मोठ्यांदा. आणि मी दारातून ‘ओ’ दिली.